तो उपास नव्हताच

गास गावची सुशीला वर्तक म्हणजे उपासवाली बाई. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उरलेल्या दिवशीही ताटावर नुसती बसायची. पंचायतीत निवडून आली, पाण्यासाठी माझ्याबरोबर साहेबाच्या दारात भांडली, तेव्हा अंगावर हाडांशिवाय काही नव्हतं. बायका म्हणायच्या, देवाचं बळ आहे. मी देवबीव मानत नाही, पण तिचा तोरा मलाही आवडायचा.

चौऱ्याऐंशी साली महिला मंडळानं तिच्या उपासांचं उद्यापन घातलं. देवळासमोर मांडव, स्टेज, माईक. ओटी भरली, हातात शिऱ्याची वाटी दिली. म्हणे, सगळ्यांसमोर उपास सोडा. तेवढ्यात मंडळातल्या यशोदेची मुलगी सरला उठली, नुकतीच कॉलेजात जायला लागलेली. माईकवर म्हणाली, सुशीलाकाकींचे सगळे उपास आजपासून मी धरणार. टाळ्या पडल्या.

सुशीलानं वाटी खाली ठेवली आणि माईकपाशी आली.

"हे उपास नाहीत गं. मला अन्नाची भीती वाटते. मधेच खा खा सुटते, टोपभर भात खाते आणि केळीच्या वाडीत जाऊन ओकून टाकते. लग्नाआधीपासून चाललंय. ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा मनाचा आजार आहे, जीव जाईल. या पोरीला माझ्या मागे लावू नका."

मी मोर्चात पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्यात, पण असं हबकले नव्हते. आमच्याकडे मनाचा आजार म्हणजे वेड, आणि वेड म्हणजे घरात कोंडायची गोष्ट. ही पंच असून माईकवर सांगत होती! मागून कुणी पुटपुटलं, बाहेरचं लागलंय. तिचा नवरा भालचंद्र पुढे आला, आधी खाली उतर म्हणाला, उद्याच राजीनामा दे. माझं डोकं सटकलं. "भालचंद्रभाऊ, बायको मरते म्हणतेय, ते ऐकू आलं का?"

सरला अजून माईकपाशीच होती. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"काकी," ती म्हणाली, "मी पण ओकते."

यशोदा शिऱ्याचं ताट धरून तशीच उभी राहिली. सुशीलानं सरलाला जवळ घेतलं आणि माईक बंद करायला सांगितलं.

सकाळी यशोदा त्या दोघींना घेऊन ठाण्याच्या एसटीत बसली. गाडी सुटताना खिडकीतून मला म्हणाली, "घरात वाढते मीच ना गं? मग मला कसं दिसलं नाही?"