लेइमारा काकूंना सगळं समजतं

बायबलचा उतारा पॅसिफिकमधल्या आमच्या टोंगोआ बेटाच्या बोलीत आला, की छापायला जाण्याआधी तो लेइमारा काकूंच्या चुलीपाशी जायचा. भाषांतर मंडळाचा नियमच होता: मंडळाबाहेरच्या माणसाला उतारा वाचून दाखवायचा आणि काय समजलं ते विचारायचं. उत्तर चुकलं तर दोष भाषांतराचा. सगळं पुन्हा करायचं. इतकी वर्षं चर्चमध्ये वाचन इंग्रजीत चाले. ते कुणाला कळत नसे, म्हणून सगळे ते मनापासून मानत.

काकूंचं उत्तर कधी चुकलं नाही. अर्थ तर त्या सांगायच्याच, वर तो गावात कुणाला लागू होतो तेही सांगायच्या. वाळूवर घर बांधणारा मूर्ख म्हणजे त्यांचा भाचा. कोठारं वाढवत बसलेला श्रीमंत म्हणजे दुकानदार. आमच्याकडे लांडगे नाहीत, पण मेंढराचं कातडं पांघरलेला लांडगा त्यांनी लगेच ओळखला. तो त्यांच्या बागेच्या पलीकडेच राहत होता. लोक शहाणे झाले. तपासणीच्या आदल्या दिवशी काकूंकडे शेवंड पोचू लागली. मग काकू म्हणायच्या, हे शेजारच्या गावाबद्दल असावं.

धाकट्या जावेचं, लेइसाऊचं नाव मात्र कशानेच टळत नसे. काकूंनी विणलेली केवड्याच्या पातीची चटई तिने एका लग्नात डुक्कर कापायला अंथरली होती. काकूंनी भर मांडवात तिला डुकरीण म्हटलं. तेव्हापासून दोघी चर्चमध्ये दोन टोकांना बसत, आणि पुस्तकातले सगळे ढोंगी लेइसाऊच्या वाट्याला येत.

मग तो उतारा आला. देवापुढे दान ठेवताना आठवलं, की आपल्या भावंडाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच सोडून आधी समेट करून ये.

"लेइसाऊने माझ्याकडे यायचं," काकूंनी अर्थ सांगितला. आमच्या मंडळाचे प्रमुख पास्टर मासोए, त्यांनी उतारा मंजूर केला.

नव्या कोनफळांचं पहिलं पीक देवाला वाहायच्या उपासनेत तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाचला गेला. टोपल्या घेऊन पुढे निघालेल्या बायका थबकल्या. इंग्रजीत असता तर रांग सरकली असती. एकेक जण टोपली वाटेतच ठेवून बाकावर जाऊन बसली, समोरची येऊन समेट करेल म्हणून वाट बघत. सगळ्यांना नीट समजलं होतं. उठलं कुणीच नाही.

पास्टर काकूंपाशी येऊन वाकले. "काकू, कुणी हलत नाही. म्हणजे उतारा समजला नाही. परत करावा लागणार."

"मला समजलाय."

"मग तुम्ही बसलात कशा?"

लेइसाऊपुढे वाकणं कठीण होतं; पण लेइमाराला समजलं नाही, असं बेटभर पसरणं त्याहून कठीण. शेवटी काकू उठल्या आणि चर्चच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

"सरक जरा," त्या लेइसाऊला म्हणाल्या.

"कशाला?"

"तुला डुकरीण म्हणाले होते. म्हणायला नको होतं."

लेइसाऊने मान वर केली नाही. "माझ्या पोरांना अजून म्हणतात. डुकरिणीची पिल्लं."

"कोण म्हणतं?"

"तुमचे नातू, जाऊबाई."

हे काकूंना माहीत नव्हतं. त्या उभ्याच राहिल्या. बऱ्याच वेळाने लेइसाऊ सरकली, तेव्हा बसल्या. मग दोघींनी आपापली कोनफळं उचलून पुढे नेली. बाकीच्यांनी तेवढा समेट सगळ्या गावातर्फे पुरे धरला आणि टोपल्या भराभर टेबलावर आल्या.

पुढच्या आठवड्यातला उतारा इतरांचा न्याय करणाऱ्यांविषयी होता. हे कुणाबद्दल आहे, असं पास्टरांनी विचारलं. काकू चुलीतली लाकडं सारखी करत राहिल्या. पास्टरांनी पुन्हा वाचून दाखवलं. काकूंनी कुणाचंच नाव घेतलं नाही.

नियम तो नियम. उतारा स्पष्ट नाही असं ठरवून आम्ही तो पुन्हा भाषांतराला घेतला.