द्राक्षाच्या काड्यांवरची भट्टी

टेस्टिंगच्या टाकीत बुडबुडे दिसले. पंपाच्या ॲल्युमिनियम बॉडीत हवा भरून ती पाण्यात बुडवतात. बुडबुडा आला, की रिजेक्ट. त्या दिवशी बहुतेक बॉड्या रिजेक्ट झाल्या. भट्टीवर मी होतो.

मी गोंदियाकडचा. शाळा नववीत सुटली. सांगलीजवळच्या या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, मालक रफीकभाईंनी मला झाडलोटीला घेतलं आणि पुढं फर्नेस ऑपरेटर केलं. गावाकडचं घर याच पगारावर चालतं.

परदेशातून जहाजांनी येणारा गॅस अडला, तसे कारखान्यांचे सिलिंडर बंद झाले. दोन्ही भट्ट्या थंड. पंपवाल्यांनी माल द्यायला पंधरा दिवस दिले. नाहीतर ऑर्डर कोइमतूरला जाणार, म्हणजे माझं कामही गेलं. रफीकभाईंनी एका बंद बिस्किट कारखान्यातून गॅसिफायर आणला. ही एक उंच टाकी. आत लाकूड अपुऱ्या हवेत धुमसतं, त्यातून जळणारा वायू निघतो, तो पाइपनं बर्नरला द्यायचा. लाकूड म्हणून तासगावचे द्राक्षबागायतदार जाधवमामा, रिटायर फौजी, यांनी छाटणीच्या द्राक्षकाड्या ट्रॉली भरून पाठवल्या. एरवी त्या बांधावर पेटवूनच देतात.

बर्नर पेटला. सगळ्यांनी चहा घेतला. पण काड्या तोडताना मोडत नव्हत्या, वाकत होत्या. आमच्याकडे सरपण मोडून बघतात. काडकन वाजलं तर वाळलेलं. मला कळलं होतं. पण ज्यांनी पोटाला लावलं, त्यांना चूक कशी दाखवायची? गप्प बसलो.

बुडबुड्यांनंतर मात्र बोललो.

"भाई, काड्या ओल्या आहेत. त्यांची वाफ धातूत शिरते, थिजताना बारीक भोकं पडतात."

"कवा कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरली हुतीस व्हय रं?"

रफीकभाईंनी मामांना फोन लावला, स्पीकरवर.

"मामा, काड्या लय ओल्या हायत."

"असणारच की! परवा छाटणी झाली. आवं, तुमाला शिळा माल कसा पाठवू?"

"खायाच्या न्हाईत, जाळायच्या हायत! गेल्या ऑक्टोबर छाटणीच्या वाळलेल्या न्हाईत का?"

"गोठ्यामागं ढीग पडलाय. लाज वाटली म्हणून न्हाई पाठवला."

"तीच लाज आत्ता ट्रॉलीत भरा."

वाळलेल्या काड्या आल्या. प्रत्येक ट्रॉलीतल्या मूठभर मी मोडून बघायचो. न वाजलेल्या बाजूला. ज्योत कडक झाली. टाकीतलं पाणी शांत राहिलं. मुदतीच्या आदल्या दिवशी माल गेला.

आता गॅस पुन्हा मिळतो. तरी एक भट्टी काड्यांवरच ठेवली आहे. ओलावा मोजायचं मीटर आलं आहे. रजिस्टरमध्ये त्याच्या आकड्याशेजारी रफीकभाईंनी आणखी एक रकाना आखला: 'मोडून पाहिली'. तिथं माझी सही असते.

शंका आली तर पहिल्याच दिवशी बोलावं. टाकीतले बुडबुडे कुणाचे उपकार बघत नाहीत.