फौजेच्या वाटेवर साडेअकराचा डबा

बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांना इतिहासाचं वेड लागलं. पोर्तुगीजांवर चालून गेलेली मराठी फौज सूर्या नदीच्या खोऱ्यातून जशी किनाऱ्याला आली, तसंच आपणही जायचं, म्हणे. मागच्या हिवाळ्यात रिक्षा ठरवून निघालो. पहिलं रणांगण म्हणजे कापलेलं भातशेत निघालं, दुसऱ्याला कुंपण आणि कुलूप. तरी प्रत्येक ठिकाणी मला उन्हात उभं करून हे हातातला कागद वाचणार: इतके घोडे, इतक्या तोफा. माझे गुडघे बोलायला लागले.

नवापूरच्या किनाऱ्यावर साडेअकरा वाजले. कारखान्याचं कॅन्टीन साडेअकराला उघडायचं, म्हणून ह्यांना अजूनही त्याच ठोक्याला भूक लागते. लढाई अर्ध्यावर सोडून म्हणाले, "डबा काढ." तो मी पहाटे उठून केला होता.

शेजारी बोंबील वाळत घालणारी म्हातारी सगळं ऐकत होती. तिनं ह्यांना विचारलं, "एवडी फौज, तिला रांधून कोन घालत व्हतं?"

ह्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "ते यात दिलेलं नाही."

"मग आधी ते शोधून काढा," म्हणत मी डब्याचं झाकण परत लावलं.