एल्कच्या रानात नवरा पाठवताना

एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ म्हणावा असा प्राणी. उभा राहिला की त्याची पाठ माणसाच्या खांद्याला येते, आणि नाक असं की वारा त्याच्या दिशेनं वाहत असेल तर पार पलीकडच्या उतारावरचा माणूसही त्याला कळतो. मी तो प्रत्यक्षात कधीच पाहिलेला नाही. तरी त्याच्या शिकारीबद्दल कुणी विचारलं तर मी अजूनही तासभर बोलू शकते. हे सगळं मी सिंगापूरला, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून शिकले, कारण माझ्या नवऱ्याला त्या रानात जायचं होतं आणि त्याच्या हृदयात स्टेंट होता.

दोन हजार दहानंतरची ती मधली वर्षं. नवरा जुरोंग आयलंडवर एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. पहाटे कंपनीची बस, गळ्यात पास, संध्याकाळी परत. मी नोव्हेनाला एका हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात रिपोर्ट टाइप करायचे. दिवसभर दुसऱ्यांची हृदयं टाइप करणाऱ्या बाईच्या घरीच एक दिवस तो घाम पुसत, छाती धरून सोफ्यावर बसला. वेळेत पोचलो, स्टेंट बसला, सगळं ठीक झालं. म्हणजे त्याचं ठीक झालं. माझं कुठं तरी बिनसलं ते बिनसलंच.

पुढची दोन वर्षं मी त्याला काचेच्या भांड्यासारखं वागवलं. मीठ कमी, जिने बंद, पिशवी मी उचलणार. तो ऐकायचा. पण संध्याकाळी गॅलरीत उभा राहून समोरच्या ब्लॉककडे असा बघत राहायचा, की मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

अशात त्याच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. हा अमेरिकन माणूस निवृत्त होऊन कोलोरॅडोच्या डोंगरात राहायला गेला होता. त्याच्या झुबकेदार मिशांमुळे आम्ही घरात त्याला मिशीवाला म्हणायचो. दर सप्टेंबरात तो धनुष्यबाण घेऊन एल्कच्या मागे जायचा. नेहमीचा जोडीदार गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे येऊ शकत नव्हता. "तू चल," तो नवऱ्याला म्हणाला. "बाण मी मारीन. तू फक्त सोबत कर."

"जाऊ?" नवऱ्यानं मला विचारलं.

"तुला वेड लागलंय का?" मी म्हटलं. "मुंगी मारताना हात थरथरतो तुझा!"

"मारायचं नाहीये गं मला. चालायचंय."

मी वाद घातला नाही. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांवर माझा भरवसा होता. ते नाही म्हणणार याची खात्री होती. डॉक्टरांनी त्याला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं, आलेख पाहिला आणि म्हणाले, जायला काही हरकत नाही. डोंगरात पोचल्यावर आधी दोन दिवस विश्रांती घ्या, गोळ्या चुकवू नका, ओझं बेताचं उचला, वेळेवर खा. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. माझाच साहेब माझ्यावर उलटला होता! परतताना एमआरटीच्या गाडीत नवरा शीळ घालत होता आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती.

मग मी ठरवलं, जायचंच असेल तर माझ्या पद्धतीनं जायचं. शिकाऱ्यांचे लेख वाचायला सुरुवात केली आणि वाचतच सुटले. घरात नवऱ्यापेक्षा मलाच जास्त कळायला लागलं. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली उतरते, म्हणून सकाळी जनावराच्या खालच्या बाजूनं वर चढायचं. ऊन चढलं की हवा वर जायला लागते, मग आपण जनावराच्या वर असायला हवं. दुपारी एल्क उत्तरेकडच्या उतारावर, दाट झाडीत गारव्याला बसतात. तिथं घुसून त्यांना उठवू नये. सुती कपडे घालू नयेत, ओले झाले की वाळत नाहीत, लोकर बरी. बूट आधी महिनाभर घरी वापरून मऊ करावेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिथून मांस परत उचलून आणता येणार नाही तिथं जनावर मारूच नये. हा नियम मला फार आवडला. त्यात कुणीतरी परतीचा विचार केलेला होता.

वारा कळावा म्हणून शिकारी चिमूटभर पावडर हवेत उडवून बघतात. मी तांदळाचं पीठ घेऊन कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. शेजारची चिनी आजी दार किलकिलं करून बघत होती. मी हसले, ती हसली नाही.

तयारीसाठी नवरा पाठीवर तांदळाच्या पिशव्या बांधून आमच्या ब्लॉकचे जिने चढायचा. मी लिफ्टनं वर जाऊन प्रत्येक मजल्यावर दार उघडलं की डोकं बाहेर काढायचे. "आहेस का?" "आहे." पुन्हा लिफ्ट. लिफ्टमधल्या लोकांना वाटायचं, बाई काहीतरी विसरलीय.

वास हा मोठाच प्रश्न होता. एल्कला वास आला की खेळ संपला. मी बिनवासाच्या साबणानं त्याचे कपडे धुतले आणि आठवडाभर घरात हिंगाची फोडणी घातली नाही. मुलगी वैतागली. ती तेव्हा नववीच्या वयाची, इथल्याच शाळेत जायची, आणि इथल्यासारखंच वाक्याच्या शेवटी 'ला' लावायची. "आई, डाळ सो ब्लँड! एल्क इज नॉट कमिंग फॉर डिनर, ला!" मी ऐकलं नाही. कपडे खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातले आणि कामाला गेले. तो चिनी लोकांचा सातवा महिना चालू होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. परत आले तर खाली पत्र्याच्या पिंपात पितरांसाठी कागद जळत होते, आणि राख उडत उडत थेट आमच्या लोकरी बनियनवर. मी सगळं पुन्हा धुतलं. नवरा सोफ्यावर पोट धरून हसत होता. दोन वर्षांत तो इतका हसलेला मी पाहिला नव्हता. त्याचाही मला रागच आला.

खाण्याचा एक घोळ होता. स्टेंट बसल्यापासून तो गुरुवारचा उपास करायचा. आधी कधी कसला उपास न केलेला माणूस! सासूबाईंनी नवस बोलला असेल आणि याच्या गळ्यात घातला असेल, असं मी धरून चालले होते. विचारलं तर नुसती मान हलवायचा.

"तिथं उपास नको," मी म्हटलं. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"एकच गुरुवार येतो मध्ये. लाडू दे की बरोबर."

म्हणून मी राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू केले. एका गुरुवारला पोटभर पुरतील इतके. वेगळ्या पिशवीत बांधून वर लिहिलं, गुरुवार. बाकी दिवसांचं खाणं मिशीवाला बघणार होता.

तो गेला, आणि मी घरात येरझाऱ्या घालायला लागले. डोंगरात फोन चालत नाही. मिशीवाल्याकडे उपग्रहावरून निरोप पाठवणारं एक यंत्र होतं, त्यावरून रोज संध्याकाळी फक्त ठरलेला एक निरोप यायचा: सर्व ठीक. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी दवाखान्यात पोचून खुर्चीत बसते न बसते तोच फोन वाजायचा, आणि मग कुठं मला टाइप करायला सुचायचं. संध्याकाळी घरी आले की पुन्हा तेच. भांडी घासलेलीच परत घासायचे. कपाटं आवरली. पंख्याची पाती पुसली. तिकडच्या हवामानाचा अंदाज बघायचे आणि पाऊस दिसला की मुलीला सांगायचे, जणू तिनं तो थांबवायला हवा होता. "रिलॅक्स ला, आई. बाबा इज वॉकिंग ओन्ली." हे मला पटत होतं, पण ऐकवत नव्हतं.

शुक्रवारी निरोप आला नाही.

दहा वाजले, अकरा वाजले. मी फोन बंद करून चालू केला. डॉक्टरांनी दिलेल्या रिपोर्टमध्ये पेशंटच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव टाइप केलं आणि ते दिसताच घाईनं खोडलं. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. मिशीवाल्याच्या बायकोला फोन लावला. तिला अंथरुणातून उठवलं असणार, पण ती आनंदी आवाजात म्हणाली, काळजी करू नकोस, माझा नवरा ते यंत्र नेहमी कुठेतरी विसरतो. उद्या संध्याकाळी उतरणारच आहेत. तिच्या नवऱ्याचं हृदय कुणी उघडून पाहिलेलं नव्हतं, तिचं काय जात होतं! मी आभार मानले आणि फोन आपटला.

त्या दिवशी मला घरी जाववेना. नोव्हेनाच्या स्टेशनवर गाडी आली, दारं उघडली, मी चढले नाही. दुसरी आली, तीही जाऊ दिली. घरी गेले की त्याचा सोफा दिसणार होता. मुलीचा फोन आला, "आई, व्हेअर आर यू?" तेव्हा कुठे निघाले. मुलीनं केलेली मॅगी दोघींनी खाल्ली. ती जेवताना एकदाही रिलॅक्स म्हणाली नाही, आणि त्यानंच मी जास्त घाबरले.

शनिवारी सकाळी चहा उतू जात असताना फोन वाजला. त्याचा आवाज.

"मी आहे. खाली आलोय, रस्त्यावर. बराय मी."

मी गॅस बंद केला आणि तिथंच ओट्याला टेकून जमिनीवर बसले. रडले, आणि मग तोंडाचा जो पट्टा सुटला तो सुटलाच. तो सगळं ऐकून घेत होता. मग हळूहळू त्यानं सांगितलं.

बुधवारी दिवस मावळता मावळता मिशीवाल्याला एल्क मिळाला. कातडं काढून, मांस कापडी पिशव्यांत भरून त्यांनी ते सावलीच्या झाडाला टांगलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे तिकडच्या गुरुवारी, ते वाहून तळावर आणायचं होतं. नवऱ्यानं हलकी पिशवी घेतली होती, असं तो शपथेवर सांगत होता. दुपारी चढावर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो बसला. उठताच येईना. छातीत काही नव्हतं, नुसता अंगातला जीव गेला होता. मिशीवाल्यानं त्याला पाणी पाजलं, पाठीवरचं काढलं, हाताला धरून तंबूत आणून झोपवलं. त्या धावपळीत ते यंत्र झाडापाशीच राहिलं.

"पण का? लाडू खाल्ले नाहीस?"

"खाल्ले ना. पण..."

"अरे बोल ना!"

"इकडे बुधवार होता तेव्हा तुमच्याकडे गुरुवार लागला होता," तो म्हणाला. "मला कळेना, कुठला धरायचा. उपास तिकडे सुरू केला होता. म्हटलं, दोन्ही दिवस करावेत. लाडू अर्धे अर्धे खाल्ले."

मी वाऱ्याचा विचार केला होता, वासाचा केला होता, लोकरीच्या मोज्यांचा केला होता. हा माणूस दहा हजार फुटांवर दोन देशांचे गुरुवार पाळत बसेल हे जगातल्या कुठल्याही शिकाऱ्यानं लिहून ठेवलेलं नव्हतं.

"तुझ्या आईच्या नवसापायी मी विधवा झाले असते," मी ओरडले.

"आईचा नाही तो. माझा आहे."

"तुझा? देवाला हात न जोडणारा तू! जगू दे म्हणून बोललास?"

"नाही." तिकडे मागे एक गाडी गेली. "हॉस्पिटलमधून घरी आलो ना, त्यानंतर रोज पहाटे तू उठतेस आणि माझ्या नाकाशी हात धरतेस. श्वास चालतोय का बघायला. मी जागा असतो. तू परत झोपतच नाहीस मग, तशीच बसून राहतेस. मला दुसरं काही करता येईना. म्हणून बोललो, की हिला झोप लागू दे."

मला वाटायचं, त्याला गाढ झोप असते.

"एवढ्यासाठीच इथं आलो," तो म्हणाला. "म्हटलं, डोंगर चढून आलो की बघशील तू. पटेल तुला." मग जरा हसला. "सगळा विचका केला मी."

मुलगी दारात उभी राहून खुणेनं विचारत होती, बाबा ठीक आहे का? मी मान हलवली आणि फोन तिच्या हातात दिला.

पुढच्या आठवड्यात तो परत आला. गाल बसलेले, नाक उन्हानं सोललेलं, आणि चालण्यात एक ऐट. त्या गुरुवारी मी हिंगाची सणसणीत फोडणी दिलेली आमटी त्याच्या पुढ्यात ठेवली. तो उपास मोडून जेवला. दोनदा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला नेहमीसारखी जाग आली. मी त्याच्याकडे वळले. हात उचलणार नाही असं ठरवलं होतं, तरी उचलला. तो डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत होता.

"चालू आहे गं," तो म्हणाला. "झोप."