बिनखिडकीची भिंत

बुधवार, २४ एप्रिल २०२४. कामथडी. सकाळी उकाडा, दुपारी वारा सुटला. उपेंद्रचा पुण्याहून फोन. पश्चिमेच्या भिंतीला आज रंग सुरू झाला. सोनियाचा नवरा धनाजी दोरावर आहे. ती कामाला आली, पण जेवली नाही; तो उतरेपर्यंत जेवत नाही.

एवढं लिहून मी वही मिटली. पुढचं सगळं त्यानंतर घडलं.

सोनिया माझ्याकडे स्वयंपाकाला येते, मार्गासनीहून, एसटीने. उपेंद्र माझा मुलगा. त्याने या उंच इमारतीत फ्लॅट घेतला आणि भोरचं घर बंद करून मला इथे आणलं, तेव्हापासून ती येते. हायवेवरून पाहिली तर आमची इमारत काचा आणि बाल्कन्यांनी नटलेली दिसते. वेल्ह्याच्या बाजूने येणाऱ्याला मात्र दिसते ती जमिनीपासून गच्चीपर्यंत नुसती करडी भिंत. एक खिडकी नाही. तिला चिकटून दुसरी इमारत व्हायची होती, ती झालीच नाही. जोडासाठी बाहेर काढलेल्या लोखंडी सळया तेवढ्या राहिल्या.

"डोंगराकडं पाठ करून बसलीय तुमची बिल्डिंग," सोनिया पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "आमच्याकडं पावना असा बसला तर त्याला च्या बी मिळत न्हाई, आजी."

तिचं माहेर वेल्ह्याच्याही वर, कड्याखाली. वडील रखमाजी कड्यावरची आग्या मोहोळं उतरवायचे. वर दोर धरायला तिचा मामा असायचा. तिथला नियमच तसा. दोर मेहुण्यानेच धरायचा, कारण आपल्या बहिणीला विधवा करायला कुणाचा हात धजत नाही. परक्याने दोराला शिवायचंसुद्धा नाही. लग्नानंतर धनाजी सासऱ्याकडून हे काम शिकला. पुढे मोहोळं कमी झाली, इमारती वाढल्या, आणि तो रंगकामाला लागला. ठेकेदाराने पट्टा दिला, हेल्मेट दिलं. पण गच्चीवर सोनियाचा भाऊ हनुमंत दिसल्याशिवाय धनाजी कठड्याबाहेर पाय टाकत नाही.

सोनियाने आमटी गॅसवर ठेवली होती. एवढ्यात ओट्यामागच्या भिंतीतून ठकठक ऐकू आली. ती तीच बिनखिडकीची भिंत; पलीकडे घर नाही, काही नाही. थांबून पुन्हा ठकठक.

सोनियाच्या हातातला डाव खाली पडला.

"दोर अडकलाय," ती म्हणाली. "कड्यावर दगडानं असंच वाजवत्यात. वर घ्या म्हणून."

"वरच्यांना कळलं असेल ना?"

"ह्या वाऱ्यात? हाक बी जायाची न्हाई." तिने बत्ता उचलून भिंतीवर उलट ठोकला. पलीकडून लगेच उत्तर आलं. हातभर अंतरावर माणूस लटकलेला, आणि मधल्या भिंतीत त्याला आत घ्यायला भोकसुद्धा नाही. ती धावत सुटली. मी तिच्या मागोमाग लिफ्टने गच्चीवर गेले.

वर वेगळंच चाललं होतं. वाऱ्याने धनाजीची बसायची फळी एका बाजूला फेकली होती. फळीचा दोर आणि कमरेच्या पट्ट्याचा दोर, दोन्ही एका सळईत गुंतले होते. सळईची धार दोर खात होती. हनुमंत एकटाच ओढत होता आणि दोर तसूभर हलत नव्हता. ठेकेदाराचा सुपरवायझर कुमार आणि त्याची दोन माणसं शेजारीच उभी होती.

"अहो, हात लावू द्या आम्हाला!" कुमार ओरडला. "फायर ब्रिगेड पुण्याहून निघालीय, तोवर हा दोर राहील का?"

"मागं व्हा!" हनुमंतच्या तळहातांतून रक्त येत होतं. "दोराला शिवलात तर बगा!"

"वेडा आहेस का? माणूस जाईल खाली!"

"तुजा कोन लागतो त्यो? तुजा हात सुटला तर तुला काय!"

मी हनुमंतला म्हटलं, "अरे बाबा, आता नियम राहू दे." तो दोराचा आणखी एक वेढा हाताला घेऊन पुन्हा ओढू लागला. कठड्यावरून वाकून पाहिलं तर धनाजीचं पिवळं हेल्मेट भिंतीवर आपटत होतं.

सोनिया भावाला ओलांडून पुढे गेली. ती कुमारसमोर उभी राहिली आणि अंगठ्याने स्वतःच्या कपाळावरचं कुंकू पुसून घेतलं. नवरा दोरावर असताना रिकामं कपाळ. मी ते कपाळ आरशात पाहिलेलं आहे.

तोच अंगठा तिने कुमारच्या कपाळावर टेकवला.

"आजपास्नं तू माजा भाऊ," ती म्हणाली. "त्यांचा मेव्हना. घे, धर दोर."

कुमार गोंधळून हनुमंतकडे पाहू लागला. हनुमंतने क्षणभर बहिणीचं कपाळ पाहिलं, आणि सरकून जागा दिली.

"धर की मग! बगतोस काय!"

कुमारची माणसंही कपाळ पुढे करून आली. तिच्या अंगठ्याला उरलेलं कुंकू दोघांना पुरलं. चौघांनी मिळून जोर लावला. दोर आधी ताणला, मग एकदम झटका देऊन सळईतून सुटला. धनाजी हळूहळू वर आला, आणि कठड्याशी येताच हनुमंतने त्याला काखेत धरून आत ओढलं.

धनाजी गच्चीवर पडला, पाणी प्यायला आणि त्याने तिन्ही कपाळं पाहिली. हनुमंतने काय झालं ते सांगितलं.

"एक मेव्हना डोक्याला कमी व्हता व्हय?" तो म्हणाला. "आता दिवाळीला चौघं यायचं का घरी?"

तेव्हा कुठे सोनिया खाली बसून रडली. मी तिला घरी आणलं आणि देवापुढची कुंकवाची डबी तिच्या हातात दिली.

संध्याकाळी वही पुन्हा उघडली आणि खाली एक ओळ लिहिली: आमटी करपली. रात्री दहीभात.