ढगूआत्या आणि ओलं कापड

अर्धी टेकडी चढून झाल्यावर वन्सं पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "वहिनी, हात पुढे करू नका. बसलेय मी, पडले नाहीये."

मी हात मागे घेतला. खाली बंदरातल्या होड्या काडेपेटीएवढ्या दिसत होत्या आणि वर हवामान केंद्राची पांढरी खोली अजून लांबच होती. माझ्या या धाकट्या नणंदबाई तिथे निरीक्षक आहेत. हवा किती तापली, तिच्यात ओल किती, वारा कुठला, हे रोज सकाळी बघायचं, यंत्र बांधलेला मोठा फुगा आभाळात सोडायचा आणि आलेले आकडे खाली कळवायचे, हे त्यांचं काम. आमच्या मुलांनी त्यांचं नाव ढगूआत्या ठेवलं. आता सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने हाक मारते.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि साहेबांचा निरोप आला. वरपर्यंत गाडी जात नाही, पायऱ्या रोजच्या आहेत. रजा संपेल त्या सोमवारी फुगा सोडायच्या आत स्वतःच्या पायांनी वर आलात तर जागा तुमची, नाहीतर खालच्या कचेरीत टेबल देतो. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बरं झालं, पंख्याखाली बसायला मिळेल. वन्संनी त्याच दिवसापासून आमच्या घरचा जिना चढउतार करायला घेतला. ह्यांनी डोक्याला हात लावला. "अगं, जिना झिजेल!"

"झिजू दे, दादा. गुडघा नवा आहे."

तो सोमवार आज होता. मी थर्मासमधलं गरम पाणी दुपट्यावर ओतलं आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. हे दुपटं आमच्या थोरल्याचं, तान्हेपणीचं. तो आता दाढी करतो, पण मला ते टाकवलेलं नाही. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालंय.

"काय पाणी पितं हो हे!" वन्सं दुपटं चाचपत म्हणाल्या. मग बराच वेळ ते बोटांनी चोळत राहिल्या. मला वाटलं, दुखतंय. पण त्यांचं लक्ष गुडघ्यावर नव्हतंच. "परवा अंगणात शेकलं तेव्हा लगेच गार झालं होतं. आज अजून कोमटच आहे."

"मग चांगलंच की."

"गुडघ्याला चांगलं. होड्यांना नाही." त्यांनी समुद्राकडे हनुवटी उडवली. तिथे एक ढग कोबीच्या गड्ड्यासारखा वर फुगत चालला होता. "पाणी वाळतं ना, वहिनी, ते रिकाम्या हाताने जात नाही. जाताना कापडातली ऊब घेऊन जातं. म्हणून ओलं कापड गार पडतं. आज हवेचं पोट आधीच भरलंय, तिला आणखी पाणी नको झालंय."

"आणि घेतलेली ऊब जाते कुठे?"

"वाफेतच लपून राहते. इतके दिवस समुद्रावर ऊन पडलं, ते सगळं या हवेत साठलंय. ती वर गेली, गार झाली, वाफेचं पुन्हा पाणी झालं, की लपवलेली ऊब बाहेर. तुम्ही झाकण काढताना वाफेने हात पोळून घेता ना, तसंच. त्या उबेने हवा आणखी वर उसळते, खालची मोकळी जागा भरायला चहूकडून हवा धावते. झालं वादळ."

"म्हणजे तो ढग नाही, शेगडीच म्हणा."

"वारा सुटला म्हणजे कळेल," असं म्हणून त्या उठल्या. कठड्याला धरून, माझ्या हाताला नाही.

पुढची चढण उभी होती. मी मनात देवाचं नाव घेत होते. वन्संच्या ते लक्षात आलं. "मोठ्याने घ्या की. तालावर पाय टाकता येतील मला." मग मी मोठ्याने नाव घेत राहिले आणि त्या एका नावाला एक पायरी चढत राहिल्या. वरून टोपली घेऊन उतरणारी कोळीणबाई थबकली. "ढगूबाई, आलात का परत? आज खळ लावलीय का?"

"तुझ्या जिभेला लाव!" वन्सं ओरडल्या आणि दोघी खळखळून हसल्या.

ही खळीची थट्टा जुनी आहे. केंद्रातल्या झडपांच्या पेटीत दोन तापमापक असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओली मलमल गुंडाळलेली. ओला कोरड्यापेक्षा जितका गार, तितकी हवा कोरडी. दोघं सारखेच झाले, तर हवा ओलीने भरलेली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मलमल संपली, म्हणून वन्संनी दुकानातून नवं कोरं कापड आणून गुंडाळलं. त्याची खळ काढायला विसरल्या. खळीचं कापड पाणी कुठलं पिणार! दोन्ही तापमापक सारखेच दिसले, वादळाचा इशारा गेला, सगळ्या होड्या बांधून ठेवल्या आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं. तेव्हापासून बंदरावरचं एकही माणूस त्यांना ते विसरू देत नाही.

वर पोचलो तेव्हा साहेब स्वतःच ओट्यावर बसून रुमालाने वारा घेत होते. फुगा अजून सोडायचा होता. त्यांनी घड्याळ बघितलं, मग वन्संचा गुडघा बघितला.

"आज आलात. उद्या?"

"उद्या येईन. परवाही येईन. तुम्हाला धाप लागलीय, पाणी देऊ का?"

साहेब हसले. वन्संनी पाण्यालाही हात लावला नाही, थेट पेटी उघडली. दोन्ही तापमापक जवळजवळ जुळलेले होते.

साहेबांनी मान लांबवून बघितलं. "बाई, हे खळीचं तर..."

"बोट लावून बघा."

त्यांनी लावलं. बोट चिंब झालं. ते लगेच आत जाऊन बंदरावर फोन लावायला बसले. मध्येच फोनवर हात ठेवून आतूनच म्हणाले, "त्या खालच्या टेबलावर दुसरं कुणीतरी बघतो मी."

वन्संनी फुगा सोडला. तो तिरका होत वर गेला, ठिपका झाला, त्या ढगाच्या दिशेने दिसेनासा झाला. मी हात जोडले. त्यांनी मात्र कपाळावर हात आडवा धरून शेवटपर्यंत नजरेने त्याचा पाठलाग केला. खाली एकेक होडी किनाऱ्याकडे वळताना दिसत होती.

मग त्या ओट्यावर माझ्याशेजारी येऊन टेकल्या. माझ्या मांडीवरचं दुपटं त्यांनी उचललं, बोटांनी चोळलं, एक टोक उजेडात धरलं. मघाशी पायरीवर त्या इतका वेळ ते का चोळत होत्या, ते मला तेव्हा उमगलं.

"वहिनी, नाही म्हणालात तरी चालेल," त्या म्हणाल्या. "पण पेटीतलं कापड सारखं बदलावं लागतं, आणि मला आता इथे पुष्कळ वर्षं काढायचीयत. हे मला द्याल?"