दत्तारामचं फिरतं बोट

दत्ताराम कुणाला फोन नंबर सांगायला लागला की त्याचं उजवं बोट हवेत गोल फिरतं. नऊ आला की मोठा फेरा, एक आला की टिचकीएवढा. टेलिफोन दुरुस्तीत सत्तावीस वर्षं गेली, त्यातली निम्मी लोकांच्या अडकलेल्या डायली सोडवण्यात. आता त्याची नात श्रुतिका मोबाईलवरही 'डायल करते' म्हणते. तबकडी पोरीनं जन्मात पाहिलेली नाही! मला याची मोठी गंमत वाटते.

आम्ही एकाच गावचे, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले आणि आता घाटकोपरला एकाच मजल्यावर. संशय हा त्याचा जुना आजार. खांबावर लाईन तपासताना कुणाकुणाची लबाडी कानावर पडायची, तेव्हा जडला तो जडलाच. गॅसवाल्याचं ओळखपत्र तो खिडकीशी नेऊन उजेडात धरतो.

परवा सकाळी मी त्याच्याकडे चहाला बसलो होतो. नलिनीवहिनींचा फोन वाजला. मुलीनं, अक्षतानं, नागपूरहून कमरेचा पट्टा पाठवलेला. वहिनी चार दिवस भिंत धरून चालत वाट बघत होत्या. फोन स्पीकरवर, पलीकडे कुरिअरवाला.

"आजी, आमच्या माणसाला पत्ता सापडत नाही. मी सांगतो ते डायल करा, थेट त्यालाच लागेल. आधी स्टार, मग तीन आकडे, परत स्टार, मग त्याचा नंबर."

वहिनींनी आकडे दाबायला घेतले, तसा दत्तारामनं कप खाली ठेवला.

"थांब गो! नंबराच्या आधी हे काय?"

"अहो, पार्सल परत जाईल! तुम्हाला तर देवळातला पुजारीसुद्धा चोर वाटतो."

"नुसता नंबर माणसाला लागतो. हे आधीचे आकडे म्हणजे एक्स्चेंजला हुकूम. लाईन तपासायला आम्ही फिरवायचो असले. गिऱ्हाइकाला कधी फिरवायला लावले नाहीत."

"दत्ता, अरे तो जमाना गेला," मी वहिनींची बाजू घेतली.

"डायल गेली. हुकूम कुठे गेला?" त्यानं फोन ओढूनच घेतला. "साहेब, पार्सल पाठवलंय कुणी?"

"आजोबा, टाईम नाही, आधी डायल करा ना!"

"करतो. पाठवणाऱ्याचं नाव सांगा."

फोन कट.

"झालं समाधान?" वहिनींच्या डोळ्यांत पाणी. "आता बसा तुम्हीच माझी कंबर धरून."

त्या भिंत धरून आत निघून गेल्या. दुपारी श्रुतिका कॉलेजातून आली आणि सगळं ऐकून खालीच बसली. "आजी, वाट लागली असती! तुझे सगळे कॉल त्या माणसाकडे वळले असते. बँकेचेसुद्धा." चारच्या सुमारास खरा कुरिअरवाला पट्टा घेऊन दारात. दत्तारामनं त्याचंही ओळखपत्र उजेडात धरलं, पण या खेपेला वहिनी शेजारी उभ्या राहून वाचत होत्या.

काल मी गरम आंबोळ्या घेऊन गेलो. बेल दाबली.

"कोण?" आतून वहिनी.

"मी, बाळा."

"बाळा काय, कुणीही सांगेल. तुमच्या शाळेतल्या मास्तरांचं नाव सांगा."

इतका हसलो की नावच आठवेना. आतून दत्ताराम म्हणाला, "उघडू नको गो. आठवू दे त्याला."

आंबोळ्या दारातच गार झाल्या.